न्यू जर्सीचं टपाल

१९९८ सालच्या जानेवारीत मला न्यू जर्सी, सिंगापूर, टेक्सास आणि बंगलोर इथून रोज मागणी होती, आणि त्या काळजीनं माझं जेवण सुटलं होतं.

मी तेव्हा एका सहकारी साखर कारखान्यात सिस्टीम अ‍ॅडमिनिस्ट्रेटर होतो. कारखान्याचं फाटक सातारा जिल्ह्यात आणि धुराडं सांगली जिल्ह्यात. ऊस एका कलेक्टरच्या हद्दीत आत यायचा आणि धूर दुसऱ्याच्या हद्दीत बाहेर पडायचा. माझ्या हुद्द्यापुढे कंसात ‘हंगामी’ असं लिहिलेलं होतं. म्हणजे गळीत चालू असेपर्यंत नोकरी. गळीत संपलं की उसाच्या वजनकाट्यावरचे कारकून, गव्हाणीवरची माणसं आणि मी, सगळे सारखेच घरी. माझं घर साताऱ्याला, आणि तिथं बसून काय करायचं हे मला ठाऊक होतं, कारण मागच्या उन्हाळ्यात मी तेच केलं होतं.

मला कायम करायचं की नाही, हे फेब्रुवारीतल्या संचालक मंडळाच्या सभेत ठरायचं होतं. त्यावर माझं लग्न अडलेलं होतं. अपूर्वा सांगलीच्या एका कॉलेजात कॉम्प्युटर लॅब सांभाळायची. तिची हरकत नव्हती. हरकत तिच्या वडिलांची, गंगाधरकाकांची होती. काकांची सगळी नोकरी कोयनानगरला धरणाच्या कॉलनीत गेली. जेवता जेवता भूकंपाच्या धक्क्यानं समोरचं ताट सरकताना ज्यानं पाहिलंय, त्या माणसाला ‘हंगामी’ हा शब्द समजावून सांगता येत नाही. त्यांनी मला शांतपणे सांगितलं होतं, की मुलगा चांगला आहेस, पण कायमची ऑर्डर दाखव. तोवर मिरजेचा एक दातांचा डॉक्टर त्यांनी बाजूला काढून ठेवला होता. त्याच्या दवाखान्यातली खुर्ची पायडल दाबलं की वरखाली व्हायची. माझ्या ऑफिसातल्या खुर्चीला तीन पाय होते.

आता न्यू जर्सी.

काट्यावर आणि शेतकी ऑफिसात मिळून आमची जी टर्मिनल्स होती, ती सगळी एका युनिक्स मशीनला जोडलेली होती. मशीन बंद म्हणजे काटा बंद, आणि काटा बंद म्हणजे उसाच्या ट्रॅक्टरांची रांग थेट हायवेवर. आसपास युनिक्स कळणारं दुसरं माणूस नव्हतं. म्हणून पुण्याला फोन लावून इंटरनेट घ्यायची परवानगी मी मागितली. शेजारच्या कारखान्यानं आधीच घेतलंय असं कुणीतरी चेअरमनसाहेबांच्या कानावर घातलं, तेव्हा ती लगेच मिळाली. मग अपूर्वानं तिच्या लॅबमधल्या इंटरनेटवर शोधून दिलेल्या एका चर्चागटाचा मी सभासद झालो. जगभरातली युनिक्स मशीनं सांभाळणारी माणसं तिथं एकमेकांना अडचणी विचारायची. एकानं पत्र टाकलं की ते सगळ्यांना पोचायचं. मी विचारलं, की आमचं मशीन दुपारी आपोआप गोठतं, काय करू. फिनलंडमधल्या एका गृहस्थांनी लिहिलं, अर्थिंग तपासा. तपासलं. अर्थिंगची तार कुणीतरी म्हैस बांधायला नेली होती. फिनलंडला मी फक्त ‘धन्यवाद, सापडलं’ एवढंच कळवलं.

इतका तो गट चांगला होता. त्याला एकच रोग लागलेला होता, नोकरीच्या जाहिरातींचा. एखादा बिचारा विचारतोय की डिस्क भरली, आता कसं करू, आणि त्याच्याखाली कुणीतरी एजंट ओरडतोय, ‘पाहिजेत! सिस्टीम अ‍ॅडमिनिस्ट्रेटर! तातडीनं! न्यू जर्सी!’ ही माणसं पुरवणाऱ्या कंपन्यांची माणसं. त्यांना डिस्कशी देणंघेणं नव्हतं. जिथं चार सिस्टीम अ‍ॅडमिनिस्ट्रेटर जमतात तिथं जाळं टाकायचं, एवढंच. गटातली माणसं चिडायची आणि त्यांना झापायची. पण झापताना मूळ जाहिरात खाली जशीच्या तशी जोडायची, त्यामुळे एक जाहिरात पाच-सहा वेळा वाचायला मिळायची. मी ती न वाचता पुढे जायचो. दुसरा कुणीही तेच करेल.

नाथाजी नाही.

नाथाजी आमच्या आवक-जावक विभागात होते. हा विभाग म्हणजे ते एकटेच. कारखान्यात आलेल्या प्रत्येक कागदावर शिक्का मारायचा, आवक क्रमांक घालायचा आणि ज्याचा त्याला पोचवायचा. फार पूर्वी एक महत्त्वाचं सरकारी पत्र कुणाच्या तरी जेवणाच्या डब्याखाली आठवडाभर राहिलं होतं. त्यानंतर चेअरमनसाहेबांनी नियम केला, की बाहेरून आलेलं एकही अक्षर आवक क्रमांकाशिवाय पुढे जाणार नाही. नियम करताना इंटरनेट नव्हतं. नियमात तसं लिहिलेलंही नव्हतं. त्यामुळे मला रोज सकाळी गटात आलेली सगळी पत्रं प्रिंटरवर काढून, कडेच्या भोकाच्या पट्ट्या फाडून, नाथाजींकडे द्यावी लागायची.

मी त्यांना सांगून पाहिलं होतं, की ही पत्रं आपल्याला आलेली नाहीत, ही लोकांची आपसातली चर्चा आहे. त्यांनी चष्म्यावरून बघत विचारलं होतं, “आलं न्हवं हितं? मग आवक.”

नाथाजींची एक पद्धत होती. ज्या पत्रात काही मागितलेलं नाही ते ‘माहितीस्तव’. ज्यात मागितलंय ते ‘कार्यवाहीस्तव’. फिनलंडचा सल्ला माहितीस्तव गेला. आणि ‘पाहिजेत सिस्टीम अ‍ॅडमिनिस्ट्रेटर, तातडीनं’ हे अर्थातच कार्यवाहीस्तव. आता कारखान्यात सिस्टीम अ‍ॅडमिनिस्ट्रेटर किती, तर एक. त्याचं नाव शौनक. तेव्हा नाथाजींनी माझ्या नावाची एक फाइल उघडली. जाहिरात पाच-सहा वेळा यायची, तर पाच-सहा वेळा क्रमांक पडायचा आणि वर ‘स्मरणपत्र’ असा शेरा.

हे सगळं माझ्या मागे चाललं होतं. मला कळलं तेव्हा संक्रांत झाली होती आणि फाइलला दोरी पुरत नव्हती.

“आवं शौनकसाहेब,” नाथाजी मला जिन्यात गाठून हळूच म्हणाले, “लय मागणी हाय की तुमास्नी. टेक्सासवाले तर ऐकायलाच तयार न्हाईत.”

मी विचारलं, ही फाइल कुणाकुणाला दिसते. ते म्हणाले, सभेच्या आधी लालासाहेबांसमोर जाईल, कायम करायच्या माणसाची सगळी कागदपत्रं जातात.

लालासाहेब म्हणजे आमचे चेअरमन. त्यांना सगळ्यात जास्त राग यायचा तो सोडून जाणाऱ्या माणसाचा. आमचे एक चीफ केमिस्ट भर हंगामात दुसऱ्या कारखान्यात गेले होते. ऑफिसच्या भिंतीवर अधिकाऱ्यांची नावं रंगवलेली आहेत. साहेबांनी केमिस्टचं नाव पुसायला लावलं नाही, त्यावर पांढरा चौकोन मारायला लावला. नवीन केमिस्टला दुसरीकडे जागा दिली. तो चौकोन मी रोज बघायचो. त्या दिवसापासून मला त्याच्या शेजारी आणखी एक चौकोन दिसायला लागला.

मी गट सोडायचं ठरवलं. सोडण्याचं पत्र पाठवलंही. त्याच दुपारी काटा बंद पडला, हायवेपर्यंत रांग लागली आणि मला नाक मुठीत धरून पुन्हा सभासद व्हावं लागलं. नव्या सभासदांचं स्वागत करणारं पत्र आलं. त्याला आवक क्रमांक पडला.

मग मी जाहिराती प्रिंटच करायच्या सोडून दिल्या. दोन दिवसांत नाथाजींनी टपाल कमी येतंय म्हणून टेलिफोन खात्याकडे लेखी तक्रार केली. एक लाइनमन आला, त्यानं खांबावर चढून तार ओढून बघितली आणि उतरून मला सांगितलं की न्यू जर्सीकडून काही अडचण नाही.

पुन्हा तक्रार नको म्हणून आलेलं प्रत्येक पत्र प्रिंटरवर आपोआप निघेल अशी सोय मी करून टाकली, आणि शेवटी त्या एजंटांनाच लिहिलं. सभ्य शब्दांत लिहिलं, की मी भारतात एका साखर कारखान्यात काम करतो, मला नोकरी नको आहे, आपल्या जाहिरातींमुळे माझी नोकरी आणि लग्न दोन्ही अडचणीत आहे, तरी कृपया या गटात जाहिरात टाकू नये. त्याची उत्तरं तासाभरात आली. आपण दाखवलेल्या उत्सुकतेबद्दल आभार. आपलं नाव आमच्याकडे नोंदवलं आहे. पुढची पत्रं मग ‘प्रिय शौनक’ अशी सुरू व्हायला लागली. नाथाजींना इंग्रजी बेताचंच यायचं, पण माझं नाव त्यांना वाचता आलं.

अपूर्वाला मी एसटीडी बूथवरून फोन केला. ती आधी हसली. मग फाइल लालासाहेबांसमोर जाणार हे ऐकून हसायची थांबली. तिच्या थांबण्यानं मला जास्त भीती वाटली.

जानेवारीच्या अखेरीला साहेबांनी बोलावलं. फाइल टेबलावर होती आणि तिच्यावर पेपरवेट ठेवायची गरज नव्हती. साहेब रागावलेले नव्हते. केमिस्टच्या वेळीही ते रागावले नव्हते असं म्हणतात.

“हे न्यू जर्सीवाले कोण रं?”

मी सांगितलं, की कंपन्यांना माणसं पुरवणाऱ्या कंपनीचा माणूस आहे.

“म्हंजे टोळीचा मुकादम.”

मला नाही म्हणता येईना. ऊसतोडीला टोळ्या आणणारा मुकादम आणि न्यू जर्सीचा तो गृहस्थ यांच्यात मला त्या क्षणी टायशिवाय फरक सापडला नाही.

“कारखाना किती टनाचा त्येंचा?”

“त्यांचा स्वतःचा कारखाना नाही साहेब.”

“कारखाना न्हाई, आन माणसं न्येतात?” साहेब खिडकीबाहेर बघत राहिले. “पुढं इकत असतील.”

मग मी सगळं सांगितलं. की हे मला उद्देशून नाही, हे सगळ्या जगाला आहे, मी अर्ज केलेला नाही, मला जायचं नाही, मला इथंच राहायचंय. बोलताना माझा आवाज मलाच खोटा वाटत होता. साहेबांनी ऐकून घेतलं आणि ‘प्रिय शौनक’वर बोट ठेवलं.

पण साहेबांचा राग माझ्यावर नव्हताच. त्यांना वेगळंच दिसलं होतं. आमच्या भागात प्रत्येक कारखान्याचं एक कार्यक्षेत्र असतं. त्यातल्या गावांचा ऊस त्या कारखान्याकडे नोंदलेला असतो, आणि शेजारचा कारखाना रात्रीतून टोळी घालून तो तोडून नेतो. यावरून मारामाऱ्या होतात, ट्रॅक्टर अडवतात, सोयरिकी मोडतात. साहेबांची उमर पळवापळवी थांबवण्यात आणि उरलेल्या वेळात पळवापळवी करण्यात गेलेली. त्यांच्या मते न्यू जर्सी तेच करत होती. नोंदलेल्या उसावर बाहेरची टोळी.

त्यांनी नाथाजींना बोलावून उत्तर सांगितलं. नाथाजींनी लिहून घेतलं. इंग्रजीत मी केलं, कारण दुसरं करणार कोण.

‘आपले पत्र मिळाले. सदर सिस्टीम अ‍ॅडमिनिस्ट्रेटर या कारखान्याच्या कार्यक्षेत्रात नोंदलेला असून चालू हंगामात त्याची परस्पर तोड करता येणार नाही. तशी तोड झाल्यास पुढील परिणामांस आपण जबाबदार राहाल. कळावे.’

खाली चेअरमन. वर जावक क्रमांक. प्रत्येक जाहिरातीला वेगळं उत्तर, आणि पत्र जिथून आलं तिथंच ते गेलं पाहिजे असा नियम, म्हणजे गटात, सगळ्या जगासमोर. मी पाठवायचं बटण दाबताना डोळे मिटून घेतले होते. मला खात्री होती की फिनलंड आता माझ्याशी बोलणार नाही.

फिनलंडला ते अतिशय आवडलं.

गटातली माणसं इतकी वर्षं त्या एजंटांना शिव्या देऊन दमली होती. शिव्यांचा परिणाम होत नव्हता. जावक क्रमांकाचा झाला. एका ब्राझीलवाल्यानं पुढच्या जाहिरातीला आमचंच पत्र जोडून उत्तर दिलं, की हा माणूससुद्धा नोंदलेला आहे. मग कॅनडा. मग दोन जपानी. कुणी जाहिरात टाकली की जगभरातून तिच्यावर पत्रं पडायची, सदर इसम आमच्या कार्यक्षेत्रात आहे, तोड करता येणार नाही. प्रत्येकानं मनानं जावक क्रमांक घातलेला असायचा. नाथाजींनी ते क्रमांक तपासले आणि जपानचे चुकलेत असं मला सांगितलं.

पंधरवड्यात जाहिराती बंद झाल्या. पूर्ण बंद. गटात पुन्हा नुसत्या डिस्क भरायला लागल्या. कितीतरी दिवसांनी मी दोन भाकरी खाल्ल्या आणि अपूर्वाला फोन करून सांगितलं, की संपलं, फाइल आता जाड होणार नाही, माझ्यावर संशय घ्यायला कारण उरलं नाही. ती म्हणाली बरं झालं. मग म्हणाली, बाबांनी मिरजेच्या लोकांना रविवारी दुपारी चहाला बोलावलंय. सभा शनिवारी होती.

सभा सकाळी सुरू झाली. मी बाहेर बाकावर बसलो. नाथाजी फायली आत-बाहेर करत होते आणि येता-जाता मला सांगत होते. माझा विषय जेवणाच्या जरा आधी निघाला, आणि चांगला निघाला. जगभरातून मागणी असलेला माणूस आहे, हातचा जाऊ नये, कायम करून टाकावा, असं लालासाहेबांनी स्वतः मांडलं. मी बाकावर सरळ झालो.

मग आतल्या कुणीतरी विचारलं, की अलीकडं कुणी मागितलंय का.

नाथाजी खोटं बोलत नाहीत. त्यांनी फाइल चाळून सांगितलं, गेल्या आठ दिवसांत मागणीचं एकही पत्र नाही.

पुढचं मला नाथाजींच्या चेहऱ्यावरूनच कळलं. त्या खोलीतली सगळी माणसं उसाची होती. शेजारचा नेत असेल तर शेतकऱ्याला धरून ठेवायचं, त्याला आधी तोड द्यायची, त्याच्याकडं चहाला जायचं. कुणीच नेत नसेल तर तो ऊस कुठं जातोय? उभाच आहे. एक संचालक म्हणाले म्हणे, की ह्याला आता कुणी इचारत न्हाई, मग घाई कसली, पुढल्या हंगामात बघू. कुणाचं काही म्हणणं पडलं नाही. जेवायला उठले. निर्णय जेवणानंतर लिहायचा होता.

जाहिराती मीच बंद पाडल्या होत्या. म्हणजे साहेबांनी, पण बटण माझं.

शेतकी ऑफिसातून मी अपूर्वाच्या कॉलेजात फोन लावला. शनिवारी ती दुपारपर्यंत असायची. काय सांगितलं ते मला नीट आठवत नाही, माझ्या बोलण्यात दातांच्या डॉक्टरची खुर्ची पुन्हा पुन्हा येत होती एवढं आठवतं. तिनं मध्येच तोडून विचारलं, “त्यांना नक्की काय हवंय? कुणीतरी तुला मागायला हवंय?”

मी म्हटलं, हो.

तिनं फोन ठेवला. मला वाटलं, रागानं ठेवला.

आत जिलबी चालू होती. मी उगाच मशीनपाशी गेलो, पुण्याला फोन लावला, गट उघडला. आशेनं नाही. हात रिकामे राहवत नव्हते. एकच नवीन पत्र होतं.

‘पाहिजे: सिस्टीम अ‍ॅडमिनिस्ट्रेटर, एक. जागा कायमची. ठिकाण सांगली. साखर कारखान्यातल्या अनुभवाशिवाय अर्ज करू नये. निर्णय उद्या दुपारच्या आत. – ए. जी.’

पत्ता तिच्या कॉलेजचा होता.

मी ते वाचत उभा असताना प्रिंटर सुरू झाला, कारण तसं मीच ठरवून ठेवलेलं होतं. प्रिंटरच्या आवाजानं आलेल्या नाथाजींनी कागद फाडला, पट्ट्या काढल्या, शिक्का मारला. मला त्यांना थांबवता आलं असतं. मी फक्त शाई वाळली का ते बघितलं.

कागद आत गेल्यावर काय झालं ते मला दाराबाहेरून ऐकू आलं. खुर्च्या सरकल्या. न्यू जर्सी कुठंतरी समुद्रापलीकडं, तिथून टोळी यायची कधी. सांगलीचा ट्रक संध्याकाळपर्यंत दारात येतो. पुढल्या हंगामात बघू म्हणणारे संचालकच सगळ्यात मोठ्यानं बोलत होते. मग दार उघडलं आणि मला आत बोलावलं.

लालासाहेबांच्या एका हातात तो कागद होता आणि दुसरा हात फोनवर. सांगलीकडच्या प्रत्येक कारखान्याचा चेअरमन त्यांना नावानं ठाऊक, आणि प्रत्येकाला ते आता फोन करणार होते.

“ही सांगलीची पार्टी कोण?”

गप्प राहिलो तर ऑर्डर मिळत होती. पण पहिल्या दोन फोनमध्येच खरं बाहेर येणार होतं, आणि मग भिंतीवर चौकोन. फोनचा डायल फिरायला लागला.

“साहेब, ती पार्टी नाही. अपूर्वा आहे ती. आमचं लग्न ठरतंय.”

डायल अर्ध्यातून परत फिरला. जिलबी खाणारे एक संचालक चावायचे थांबले. मी सोडून सगळे काहीतरी हिशेब करत होते असं मला वाटलं.

“म्हंजे पोरगी तुला सांगलीला न्येनार,” साहेब म्हणाले.

“नाही साहेब. ती इकडं येणार. कॉलनीत. मी कायम झालो तर.”

“ती बी कॉम्प्युटरवालीच?”

“हो.”

साहेबांनी फोन खाली ठेवला आणि संचालकांकडं वळले. त्यांच्या चेहऱ्यावर जे आलं ते मी त्याआधी फक्त एकदाच पाहिलं होतं, शेजारच्या कारखान्याचा नोंदलेला ऊस आमच्या काट्यावर आला तेव्हा. “मग ह्यो जात न्हाई,” ते सावकाश म्हणाले, “आन वर सांगलीचं एक आपल्यात येतंय.”

ठराव एकमतानं झाला. ऑर्डर तिथल्या तिथं टाइप झाली. मी पाया पडायला वाकलो तर साहेब म्हणाले थांब, बाहेरच्या कार्यक्षेत्रातून आणायचं तर रीतसर आणायचं, उगं चोरीछपं नको. त्यांनी नाथाजींना गंगाधरकाकांच्या नावानं पत्र घ्यायला सांगितलं. ‘आपल्या कन्येची या कारखान्यास आवश्यकता असून हंगाम संपताच तिला पाठवण्याची व्यवस्था व्हावी. वाहतूक कारखान्यामार्फत करण्यात येईल.’ प्रत माहितीस्तव सर्व संचालक.

मी साहेबांना विनवलं, की हे पत्र नको, मी तोंडी सांगतो. ते म्हणाले, तोंडी तर केमिस्ट पण राहतो म्हणाला होता.

रविवारी सकाळी एसटीनं सांगलीला निघालो. एका खिशात ऑर्डर, दुसऱ्यात ते पत्र. वाटेत नदीवरचा पूल आला तेव्हा पत्र खिडकीतून सोडून द्यावं असं मनात आलं. पण नाथाजींनी पोच आणायला सांगितली होती. काकांची सही नसेल तर सोमवारी ते स्वतः सांगलीला येतील हे मला माहीत होतं.

काकांनी आधी पत्र वाचलं. मी ऑर्डर पुढे करत होतो, तरी पत्रच वाचलं. दोनदा वाचलं. आतल्या दारात अपूर्वा उभी होती आणि माझ्याकडं बघायचं टाळत होती. काकांनी चष्मा काढला, पुसला आणि विचारलं, “वाहतूक म्हणजे? ट्रक की ट्रॅक्टर?”

मी म्हणालो, बहुतेक जीप.

त्यांनी पोचेवर सही केली, तारीख घातली आणि मग ऑर्डर हातात घेतली. तिचा कागद, शिक्का, सही, सगळं बघून झालं. ‘कायम’ या शब्दावर त्यांचं बोट जरा थांबलं, आणि मला वाटलं, झालं. तेवढ्यात बोट पुढच्या ओळीवर गेलं. चालू हंगाम समाप्तीच्या दिनांकापासून कायम, असं तिथं लिहिलेलं होतं. आमच्याकडं सगळ्यांना तसंच लिहितात. मी ते वाचलंच नव्हतं.

“हंगाम कधी संपतो?”

“ऊस संपला की.”

“ऊस कधी संपतो?”

त्या वर्षी सगळीकडं ऊस अमाप झाला होता. शेतकी खात्यात विचारलं तर कुणी एप्रिल म्हणायचं, कुणी मे, आणि एक म्हातारे ओव्हरसीयर नुसते आकाशाकडं हात करायचे. मी काकांना यातलं काही सांगितलं नाही. म्हणालो, लवकरच.

काकांनी ऑर्डरची व्यवस्थित घडी केली आणि माझ्या हातात परत दिली. मग अपूर्वाला म्हणाले, “मिरजेला फोन लाव. म्हणावं, आज येऊ नका.”

अपूर्वा वळली. मी ऑर्डर खिशात ठेवली.

“आणि म्हणावं,” काका म्हणाले, “गळीत संपेपर्यंत दुसरीकडं कुठं शब्द देऊ नका.”

तेव्हापासून गळीत संपेपर्यंत दर रविवारी मी सांगलीला जायचो, आणि काका मला प्रकृती विचारायचे नाहीत, ऊस किती उभा आहे ते विचारायचे. रस्त्यात उसाची ट्रॉली आडवी आली तर मी शिव्या द्यायचो नाही. सायकलवरून उतरायचो, बाजूला उभा राहायचो आणि तिला आधी जाऊ द्यायचो.